फाटकाबाहेरचे आतोबा

पुणे शहरात अशी एकही भिंत नसेल, जिच्यावर आमच्या आतोबांनी आयुष्यात एकदा तरी संशय घेतला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बांधकामांना परवानग्या देणाऱ्या खात्यात ते इन्स्पेक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती बातमी त्यांच्या डोळ्यांना कुणी कळवली नव्हती. रस्त्याने चालताना सर्वसाधारण माणूस समोर बघतो, आतोबा वर बघत. कुठल्या इमारतीला गेल्या पावसाळ्यात नवा मजला फुटला, कुठली गॅलरी रातोरात खोली झाली, कुणाचा जिना शेजाऱ्याच्या हद्दीत पाय पसरून बसला, हे सगळं टिपत ते कसबा पेठेतून चालत, आणि खालच्या जगाशी त्यांचा संबंध फक्त टक्कर झाली तरच येई. एकदा ते चालता चालता केळीवाल्याच्या गाडीवर जाऊन आदळले. केळीवाला चिडून म्हणाला, "अहो आजोबा, डोळे कुठंयत तुमचे?" आतोबा शांतपणे म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर. मंजूर दोनच आहेत." आणि गाडीवरून सांडलेली केळी गोळा करून देता देता त्यांनी त्या केळीवाल्याला फुटपाथ नेमका कुठे संपतो तेही समजावून सांगितलं.

नोकरीत असताना दिवाळीला एक बिल्डर त्यांच्या घरी मिठाईचा मोठा पुडा घेऊन आला होता. आतोबांनी पुडा उघडला, आत नीट निरखून पाहिलं, झाकण लावलं आणि परत त्याच्या हातात दिला. "परवानगीचा अर्ज बर्फीवर लिहून आणलात की काय, ते बघत होतो," म्हणाले. नातेवाइकांतही त्यांचा हाच खाक्या. कुणाच्या नव्या घराची वास्तुशांत असली की ते आहेराचं पाकीट घेऊन वेळेवर हजर होत, आणि इतर लोक "जेवण झालं का?" असं विचारतात त्या आवाजात विचारत, "भोगवटा पत्र मिळालं का?" इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे, आता राहायला हरकत नाही, असा तो दाखला. तो मिळालेला असला तर आतोबा चौरस आहार घेत. नसला तर जिन्यातच उभं राहून पाणी पीत आणि निघत. त्यामुळे आमच्या नात्यात जावयाच्या रुसण्याची जेवढी धास्ती नव्हती, तेवढी आतोबांच्या त्या एका प्रश्नाची होती.

माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा वडीलधारे म्हणून त्यांना बरोबर नेलं होतं. पोहे आले, मुलगी आली, सगळे मुलीकडे बघत होते आणि आतोबा छताकडे. बऱ्याच वेळाने त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "ही गॅलरी आत कधी घेतलीत?" ते गृहस्थ इतके गोंधळले की त्यांना वाटलं, मुलाकडच्यांना गॅलरीही हवी आहे. लग्न झालं ते झालंच; पण माझी बायको अजून पाहुण्यांना सांगते, "यांच्याकडचे मला बघायला आलेच नव्हते. आमच्या बाबांच्या गॅलरीला बघायला आले होते."

आत्याने हे सगळं कसं सोसलं, हा मला नेहमी प्रश्न पडे. कसब्यात तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. इमारतीतल्या यच्चयावत लोकांनी गॅलऱ्या काचा लावून बंद केल्या होत्या; एकट्या आत्याची गॅलरी जन्माला आली तशीच उघडी. पावसाळ्यात झड आत येई, उन्हाळ्यात धूळ, आणि बारा महिने कबुतरं. आत्या कॉट ओढून भिंतीला लावी आणि म्हणे, "आमचं घर कायद्याने उघडं आहे बाई." तिच्या बोलण्यात तक्रार कमी आणि गंमत जास्त असे. ती बुटकी, गोल, सतत काहीतरी निवडत किंवा सोलत बसलेली बाई होती, आणि आतोबांच्या वाक्याचा शेवट त्यांच्याआधी करण्याची तिला सवय होती.

या दोघांच्या आयुष्यात जे काही घडलं, ते त्यांच्या मुलाच्या घरापासून सुरू झालं. मिलिंद हडपसरच्या बाजूला एका कंपनीत नोकरीला. लग्न झालं, मूल झालं, कसब्यातल्या दोन खोल्या पुरेनात. त्याने तिकडेच मांजरी गावात उसाच्या एका वावरातून पाडलेल्या प्लॉटांपैकी एक छोटा तुकडा घेतला आणि घर बांधायला काढलं. परवानगी नव्हती. तिथे कुणाचीच नव्हती. त्या भागाचा आराखडा अजून व्हायचा होता. रस्ते कुठून जाणार, शाळा कुठे येणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण घरं मात्र उभी राहत होती. मिलिंदने हे वडिलांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो.

"बाबा, सगळेच बांधतायत. आराखडा आला की नियमित होईल."

"मग आराखड्याच्या आधी तू का आलास?" आतोबा म्हणाले.

"कारण माझ्या पगारात बसेल असं घर तुमच्या मंजूर इमारतींत नाही. भाव ऐकलेत कधी?"

आतोबांनी भाव ऐकलेले होते.  ते एवढंच म्हणाले, "तू बांध. मी अडवणार नाही, तक्रारही करणार नाही. पण त्या घरात पाऊल टाकायला मला सांगू नकोस."

आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. वास्तुशांतीच्या दिवशी आत्या जरीचं लुगडं नेसून, त्यांना बरोबर घेऊन, रिक्षातून मांजरीला उतरली. आत्या आत गेली. आतोबा फाटकापाशी थांबले. मिलिंदने बरंच विनवलं, सुनेने डोळ्यांत पाणी आणलं, शेवटी कुणीतरी एक प्लॅस्टिकची खुर्ची बाहेर रस्त्यावर नेऊन ठेवली आणि आतोबा तिच्यावर बसले. पाहुणे आधी रस्त्यात त्यांच्या पाया पडत आणि मग आत पूजेला जात. गुरुजीसुद्धा पूजा सोडून बाहेर आले. "अहो, मुलाचं घर आहे, वास्तू शांत करायची आहे," म्हणाले. आतोबा म्हणाले, "होईल हो शांत. वास्तुपुरुषाला परवानगी लागत नाही. मला लागते."

ज्यांच्या वावरातून हे प्लॉट पडले होते ते शेतकरी शेजारीच राहत. त्यांना हा प्रकार बघवेना. ते जवळ येऊन म्हणाले, "साहेब, उन्हात का बसलाय? आत चला की. घर पक्कं हाय."

"घर पक्कं आहे हो. पण ते अजून कागदावर नाही."

"कागदाचं काय घेऊन बसलाय," ते शेतकरी हसून म्हणाले, "कागदावर तर इथं अजून माझा ऊस हाय."

आतोबांनी खुर्ची जरा सावलीकडे सरकवली. पण ते आत गेले नाहीत. जेवणाचं ताट बाहेर आलं, ते त्यांनी परत पाठवलं, आणि संध्याकाळी आत्याला घेऊन बसने कसब्यात परतले. हा हट्ट महिन्या-दोन महिन्यांत ओसरेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो ओसरला नाही. आत्या एकटीच जाऊन येई, नातवाचं कौतुक सांगे, आणि आतोबा ते कान देऊन ऐकत. नातू घराबाहेर भेटला तर त्याला खांद्यावर घेऊन सगळा कसबा फिरवत. त्यांचा राग माणसांवर नव्हताच.

मग आत्याचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना चढायचा नाही असं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला जिना चढायचा नाही म्हणजे एकतर कायम वर राहायचं, नाहीतर कायम खाली. मिलिंद न्यायला आला. आत्याने पिशवी भरली, आतोबांच्या गोळ्या कुठे आहेत ते त्यांना दाखवलं, आणि म्हणाली, "अहो, मी जाते. तुम्ही याल का?"

"भेटायला येईन," आतोबा म्हणाले.

ते रोज आले. सकाळी स्वतःचा वरण-भात स्वतः शिजवत, खात, बस पकडत आणि दुपारी मांजरीला फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसत. आत्या आत पोर्चमध्ये. मध्ये मिलिंदचं ठेंगणं कुंपण. चहा कुंपणावरून बाहेर येई. तेवढा मात्र ते घेऊ लागले होते. मटार आणले असले की अर्धे कुंपणाच्या अलीकडे सोलले जात, अर्धे पलीकडे. मग आतोबा वर्तमानपत्र वाचून दाखवत, आणि आत्याला कमी ऐकू येत असल्यामुळे ते इतक्या मोठ्याने वाचत की निधनवार्ता सगळ्या गल्लीला कळत. टेम्पो आला की ते उठून खुर्ची बाजूला घेत, टेम्पो गेला की परत मांडत. गल्लीतल्या बायका भाजी घ्यायला त्याच सुमाराला बाहेर येऊ लागल्या. नव्याने राहायला आलेली एक बाई आत्याला विचारून गेली, "भांडण झालंय का हो तुमचं?" आत्या म्हणाली, "छे. आमचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा हे असेच समोरच्या फुटपाथवर येऊन उभे राहायचे. आता निदान खुर्ची आहे."

एकदा मी भेटायला गेलो असताना आतोबा तिची औषधं आणायला नाक्यावर गेले होते. मी आत्याला विचारलं, "तुला राग नाही येत?"

"येतो की," ती म्हणाली. मग रस्त्याकडे एकदा नजर टाकून, आवाज खाली आणून तिने मला जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत शहराबाहेर एका इमारतीचं काम परवानगीशिवाय चाललेलं आतोबांना दिसलं होतं. त्यांनी काम थांबवण्याची नोटीस लावली आणि परत आले. काम थांबलं नाही. काही दिवसांनी स्लॅब खाली आला. पंचनाम्याला आतोबाच गेले. मजूर तिथेच खालच्या मजल्यावर राहत होते. ढिगाऱ्याच्या कडेला एक चूल तशीच राहिली होती, आणि तव्यावर भाकरी. "घरी आले आणि अंघोळ करून नुसते बसून राहिले," आत्या म्हणाली. "सगळे सांगत होते, तुम्ही नोटीस दिली होती, तुमचं काय चुकलं? तर म्हणाले, नोटीस दिली, पण मी तिथून निघून आलो. तेव्हापासून हे असं. मला कुठे त्यांना बदलायचंय? रोज येतात ना, तेवढं पुरे."

पण ते पुरलं नाही. थंडी सरता सरता आत्याला पोर्चपर्यंत येणंही जमेना. तिला आतल्या खोलीत झोपवून ठेवावं लागलं. त्या दिवशी मीही तिथे होतो. आतोबा नेहमीप्रमाणे आले, खुर्चीवर बसले, रिकाम्या पोर्चकडे बघितलं आणि वर्तमानपत्र उघडून मोठ्याने वाचायला लागले. एक बातमी वाचली, दुसरी वाचली. मधूनमधून थांबत आणि कान देत. आतून "काय म्हणालात?" असं नेहमी यायचं, ते येत नव्हतं. सून बाहेर आली. म्हणाली, "बाबा, आई ऐकतायत. त्यांना फक्त बोलवत नाहीये."

आतोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. उठले. चपला त्यांनी फाटकापाशीच काढल्या, आणि अनवाणी, देवळात जावं तसे, ते आत गेले.

आत्याने त्यांना दारात बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की मिलिंद खोलीतून बाहेर निघून गेला.

"आलात?" ती म्हणाली.

"हो."

"मग घर बघा ना."

"बघतो नंतर. तू आधी—"

"नाही, आत्ता बघा. आणि मला सांगा, कसं बांधलंय."

म्हणून आतोबा घर बघायला निघाले. मी आणि सून त्यांच्या मागून. त्यांनी प्रत्येक खांबावरून हात फिरवला. भिंतींवर बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिलं. जिना चढले, गच्चीवर जाऊन पाण्याचा उतार बघितला. उतरताना रस्त्याच्या बाजूच्या एका खोलीपाशी थांबले. आत एक कॉट होती, खुंटी होती, खिडकीजवळ खुर्ची होती, आणि बाकी काहीच नव्हतं. त्यांनी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "ही तुमची, बाबा. पाया घालायच्या आधीच आईंनी मिलिंदला सांगितलं होतं, त्यांची खोली रस्त्याकडे काढ, त्यांना येणारंजाणारं बघायला आवडतं. सामान कधी ठेवू दिलं नाही त्यांनी इथे. रोज झाडून घ्यायला लावतात."

आतोबा त्या खोलीत शिरले नाहीत. दाराची चौकट धरून उभे राहिले. मग खाली आले, आत्याच्या कॉटच्या कडेला बसले आणि म्हणाले, "खांब सरळ आहेत. गच्चीचा उतार बरोबर आहे. स्वयंपाकघरात उजेड चांगला येतो."

"पूर्वेला खिडकी मी सांगितली," आत्या म्हणाली.

"चांगलं केलंस."

"आणि वर?"

"वरही बघितलं," आतोबा म्हणाले, आणि तिचं पांघरूण नीट करू लागले.

त्यानंतर ते कसब्यात परत गेले नाहीत. आत्या त्यापुढे फार थोडे दिवस राहिली. त्या दिवसांत ते तिच्या उशाशी बसून वर्तमानपत्र वाचत, अगदी हळू आवाजात. ती गेली तेव्हा तिचा हात त्यांच्या हातात होता, आणि ती गेल्याचं त्यांनी आम्हाला बऱ्याच वेळाने सांगितलं.

दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो होतो. समजूत घालायला म्हणून म्हणालो, "आतोबा, तुम्ही रोज येत होतात. आत्याला त्याचंच समाधान होतं."

"स्लॅब पडला तेव्हा मी तिथे नव्हतो," ते म्हणाले. "इथे मी रोज दाराशी होतो, तरी बाहेरच." माझ्याकडे न बघता त्यांनी हे सांगितलं.

पुढच्या वर्षी त्या भागाच्या आराखड्याचा मसुदा लागला. मिलिंदच्या घरासमोरची गल्ली त्यात रुंद रस्ता म्हणून दाखवली होती. घर वाचत होतं, नियमित होण्याची वाटही मोकळी होत होती. पण पोर्च त्या रस्त्यात जात होता. गल्लीतल्या सगळ्यांचंच काही ना काही जात होतं. सगळ्यांनी हरकती घेतल्या, आणि सुनावणीच्या दिवशी सगळी गल्ली आतोबांना पुढे घालून निघाली. त्यांचा मुद्दा साधा होता: या माणसाला नियम पाठ आहेत, हे आपला रस्ता अरुंद करून आणतील. मिलिंदलाही आशा होती. मीही गेलो होतो.

सभागृह भरलेलं होतं. एक तरुण अधिकारी बाई शांतपणे एकेकाचं ऐकून घेत होत्या. आतोबांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठले. शर्ट सारखा केला. बाई म्हणाल्या, "बोला आजोबा. आपली हरकत काय आहे?"

"हरकत नाही," आतोबा म्हणाले. मागे चुळबुळ झाली. "रस्ता हवाच. एवढी वस्ती झाली, अँब्युलन्स आत येत नाही. आमच्या पोर्चचा भाग जातोय, तो जाऊ दे. तिथे आमची ही बसायची." ते जरा थांबले. "माझी सूचना आहे. मी तुमच्याच कामात आयुष्य घालवलं. लोकांनी आधी घरं बांधू नयेत, हे मी जन्मभर सांगत आलो. ते चूक नव्हतं. पण बाई, नकाशा लवकर करत जा. माणसांना थांबता येत नाही. त्यांची मुलं मोठी होतात, आईबाप आजारी पडतात. आमच्या घरी एक बाई वाट बघत होती."

पुढे त्यांना आणखी काहीतरी म्हणायचं असावं. हात उचलला होता. पण तो तसाच खाली आला आणि ते बसले. बाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं. काय लिहिलं कोण जाणे. गल्लीतले लोक आतोबांना वळसा घालून बाहेर पडले. जाताना ते शेजारचे शेतकरी तेवढे त्यांच्या खांद्याला हात लावून गेले.

मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडलं. संध्याकाळ होत आली होती. आम्ही पोर्चमध्ये बसलो. घरांच्या पलीकडे उसाची एक पट्टी अजून राहिली आहे, तिथे पाणी सोडलं होतं. वारा तिकडूनच येत होता.

"उसाला पाणी दिलं की गोडसर वास येतो म्हणायची ही," आतोबा म्हणाले. "इथे बसून रोज विचारायची, अहो, येतोय का तुम्हाला? मी बाहेरून म्हणायचो, नाही बुवा, मला काही येत नाही."

मी म्हटलं, "आणि आता?"

त्यांनी खुर्ची त्या पट्टीकडे वळवली. मग म्हणाले, "मला तेव्हाही येत होता."